मोबाइल जॉबकडे वळवा : ऑनलाइन कौशल्य अभ्यासक्रम आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
प्रौढ कामगारांसाठी ऑनलाइन कौशल्य अभ्यासक्रम तयार करणाऱ्या सर्व मंडळींस,

स. न. वि. वि.

एका टिंबामुळे हे पत्र लिहायला बसलोय.

गेल्या पावसाळ्यात माझ्या संध्याकाळच्या बॅचमधला एक ऑपरेटर पहिल्यांदा स्वतः लिहिलेला प्रोग्राम घेऊन सीएनसीवर, म्हणजे प्रोग्रामवर आपोआप चालणाऱ्या लेथवर, उभा राहिला. वय अडतीस, हाताच्या लेथवर चौदा वर्षं काढलेली. ऑनलाइन कोर्सचे सगळे व्हिडिओ त्याने बघितले होते आणि शेवटच्या चाचणीत पैकीच्या पैकी गुण घेतले होते. त्याने वहीत लिहिलं होतं, ‘एक्स ५०’ (एक्स म्हणजे व्यासाचं माप). लिहायला हवं होतं ‘एक्स ५०’ आणि त्यापुढे टिंब. फॅनक या कंपनीच्या पद्धतीच्या बऱ्याच कंट्रोलवर टिंब नसलं की मशीन त्या पन्नासाचे मिलिमीटर धरत नाही, मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, धरतं. पन्नास मिलिमीटरऐवजी शून्य पूर्णांक शून्य पाच. टूल सरळ मध्याकडे निघालं. आमच्याकडे पहिली चाल नेहमी जॉब (कापायचा धातूचा तुकडा) न लावता, हात टूलची चाल थांबवणाऱ्या फीड होल्डच्या बटणावर ठेवून घेतात, म्हणून काही मोडलं नाही. पण त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, “सर, व्हिडिओत होतं तसंच लिहिलंय की.”

मी तो व्हिडिओ त्याच्याच मोबाइलवर लावून बघितला. टिंब होतं. पाच इंची पडदा, काचेला तडा, त्यात हिरव्या अक्षरांतलं मोहरीहून बारीक टिंब. बोलणाऱ्याने तोंडाने “एक्स फिफ्टी” एवढंच म्हटलं होतं. चाचणीत विचारलं होतं, सरळ रेषेत कापण्याचा कोड कोणता. ते त्याला येत होतं. चौतीस व्हिडिओ आणि दोन चाचण्यांत एकदाही कुणी त्याला सांगितलं नाही की बाबा, एक ओळ स्वतःच्या हाताने लिही आणि तिचा फोटो पाठव. पाठवला असता तर बघणाऱ्याला दोन सेकंदांत दिसलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. आज तुमच्या कोर्सात मोबाइल शिकणाऱ्याच्या तोंडासमोर धरलेला असतो. तो उलटा करा. त्याचा कॅमेरा त्याच्या जॉबकडे, त्याच्या वहीकडे, त्याच्या हाताकडे वळू द्या, आणि पलीकडून ते बघायला माणूस बसवा.

मी बेळगावच्या उद्यमबागेत मशीनशॉप शिकवतो. शिकवायला लागायच्या आधी बरीच वर्षं मीही पाळ्या केल्या. माझ्याकडे येळ्ळूर, किणये, कंग्राळी, खानापूर या बाजूची माणसं येतात, काही पलीकडून शिनोळी-चंदगडहूनही. पहिली पाळी सुटली की रिकामा डबा पिशवीत टाकून तसेच वर्गात बसतात. कुणाला फौंड्रीतल्या धगीतून सुटून मशीनवर जायचंय, कुणाला ऑपरेटरचा सेटर, म्हणजे मशीन कामाला लावून देणारा, व्हायचंय. यांना शिकायची इच्छा नाही असं कुणी म्हटलं की मला राग येतो. बारा तास घराबाहेर राहून जो माणूस रात्री साडेनऊला वही उघडतो त्याच्या इच्छेवर शंका घ्यायचा अधिकार कुणाला नाही.

व्हिडिओंचा दुष्काळ आहे असंही नाही. चेन्नईची निमी ही संस्था १९८६ पासून आयटीआयची पुस्तकं आणि शिकवण्याचं साहित्य बनवते, त्यात मराठी आणि कन्नडही आहे. सरकारी ऑनलाइन व्यासपीठांपैकी २०१९ मध्ये भारत स्किल्स आलं, २०२३ मध्ये स्किल इंडिया डिजिटल हब. मी स्वतः त्यातलं बरंच वापरतो आणि त्याचे उपकार मानतो. आकृत्या हाताने फळ्यावर काढण्यात माझी जी संध्याकाळ जायची ती वाचली. पण साहित्य उपलब्ध असणं आणि माणूस शिकणं यांच्यामधलं अंतर अजून तेवढंच आहे. ते अंतर आणखी व्हिडिओ करून भरणार नाही.

व्हिडिओ करायचेच असतील तर छोटे करा. हे मी अनुभवाने सांगतो आणि अभ्यासकांनीही मोजलंय. एडएक्स या ऑनलाइन कोर्सांच्या संकेतस्थळावरच्या चार कोर्सांमध्ये व्हिडिओ बघण्याच्या ६९ लाख नोंदी तपासून २०१४ साली निष्कर्ष निघाला की व्हिडिओ कितीही लांब असो, माणसं साधारणपणे फार तर सहा मिनिटं बघतात. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली जी मला जास्त महत्त्वाची वाटते. शिकवणारा आपल्याशी जवळून बोलतोय असं वाटणारे साधे व्हिडिओ महागड्या स्टुडिओतल्या चित्रीकरणापेक्षाही लोकांना धरून ठेवू शकतात. म्हणजे जो पैसा तुम्ही दिव्यांवर, मागच्या पडद्यावर आणि फिरत्या बोधचिन्हावर घालता तो दुसरीकडे वळवता येईल. कुठे, ते पुढे सांगतो.

आता शिकवायला सुरुवात कुठून करायची ते बघू. कटिंग स्पीडचा, म्हणजे जॉब टूलसमोरून किती वेगाने सरकतो त्याचा, धडा घ्या. तुमच्या कोर्सात आधी व्याख्या येते, मग सूत्र, मग उदाहरण : चाळीस मिलिमीटर व्यासाचा माइल्ड स्टीलचा जॉब, मिनिटाला तीस मीटर वेग, तर जॉब फिरवणाऱ्या स्पिंडलचे मिनिटाला फेरे किती. तीस मीटरचे तीस हजार मिलिमीटर, भागिले (π गुणिले चाळीस), साधारण २४०. गणित बरोबर आहे. पण माझ्यासमोर बसलेल्या माणसाला हे उत्तर सूत्राच्या आधीपासून ठाऊक असतं, फक्त आकड्यात नाही. तो मशीनचा आवाज ऐकून सांगतो. एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) टूल असेल तर निघणारा धातूचा कीस बघून सांगतो, “सर, कीस निळा पडूलालाय, स्पीड कमी करूया.” चांदीसारखा कीस निघत होता तो निळा पडला म्हणजे उष्णता वाढली, टूलची धार आता जाणार. हे त्याने चौदा वर्षांत स्वतःच्या डोळ्यांनी कमावलेलं ज्ञान आहे. मी त्याला आधी सांगतो, तुझ्या मशीनवरचा कीस कागदात बांधून आण, किंवा पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो पाठव. दहा जणांचे दहा फोटो येतात. कुणाचा निळा, कुणाचा पिवळसर, कुणाचा लांब गुंतलेला, कुणाचा बारीक तुकड्यांचा. मग मी विचारतो, असं का? वादावादी होते. त्या वादात सूत्र आलं की ते त्यांचं होतं. जो निळ्या किसाचा धनी असतो तो स्वतः कॅल्क्युलेटर काढतो.

हे सगळं ग्रुपवर, ऑनलाइनच होतं बरं का. त्यासाठी मला वेगळं अ‍ॅप लागलं नाही.

भाषेबद्दल बोलणं भाग आहे. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याबद्दल या पत्रात काही म्हणत नाही. मी फक्त मशीनजवळची भाषा सांगतो. आमच्याकडे शॉपमध्ये मराठी, कन्नड, हिंदी अशी मिसळून भाषा चालते आणि यंत्राचे शब्द इंग्रजीतून आलेले आपलेच झालेत : चक, फीड, बोअर, ऑफसेट, लीस्ट काउंट (हत्याराने घेता येणारं सर्वांत लहान माप). मराठी कोर्स म्हणून जे येतं त्यात लीस्ट काउंटचं ‘लघुत्तम माप’ आणि कटिंग स्पीडची ‘कर्तन गती’ होते. शिकणारा गोंधळतो. त्याला वाटतं ही काहीतरी नवी गोष्ट आहे जी आपल्याला येत नाही. माझ्या बॅचमधले कन्नड बोलणारे भाऊ कन्नड कोर्साबद्दल हीच तक्रार करतात. वस्तूचं नाव कारागीर घेतो ते ठेवा. पण त्या वस्तूबद्दल जे समजावायचं ते मात्र घरच्या मराठीत समजावा, कारण ‘का’ हा प्रश्न माणूस आईच्या भाषेतच विचारतो. तुमच्याकडे बहुधा उलटं झालेलं असतं : नावं भाषांतरित, आणि समजावणं इंग्रजी वाक्यांच्या सांगाड्यावर बेतलेलं.

पुन्हा कॅमेऱ्याकडे येतो, कारण यात अडचणी आहेत आणि त्या झाकून ठेवून मी तुम्हाला सल्ला देणार नाही.

पहिली अडचण अशी की बऱ्याच कारखान्यांत मोबाइल आत नेऊ देत नाहीत. गेटवर जमा करावा लागतो. त्याला कारणं आहेत. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग बाहेर जाता कामा नये, आणि फिरत्या मशीनजवळ मोबाइल हातात असणं म्हणजे अपघाताला बोलावणं. मी दोन्ही मान्य करतो. म्हणून आमचे नियम ठरलेले आहेत. ड्रॉइंगचा फोटो नाही. चालू कामाचा फोटो नाही. स्पिंडल पूर्ण थांबल्याशिवाय मोबाइल खिशातून बाहेर नाही. सरावाचा जॉब भंगारातल्या तुकड्यावर करायचा, मालकाला विचारून घरी न्यायचा आणि रात्री वर्तमानपत्रावर ठेवून, शेजारी व्हर्निअर (जबड्यांत धरून बारीक माप घ्यायचं हत्यार) लावून फोटो काढायचा. दोन मालकांनी पाळी सुटल्यावर पंधरा मिनिटं एक जुनं मशीन सरावाला दिलंय. कोर्सात अशी व्यवस्था आधीपासून लिहिलेली असेल, मालकाला द्यायचं एक पानी पत्र कोर्साबरोबरच येत असेल, तर आणखी मालक देतील. आज प्रत्येक कामगाराला एकट्याने जाऊन मालकासमोर उभं राहावं लागतं.

व्हर्निअरचा तो फोटो मला फार काही सांगतो. ०.०२ मिलिमीटर लीस्ट काउंटचं व्हर्निअर वाचता येतं का, हे चाचणीत चार पर्याय देऊन कळतं. पण जबडे जॉबवर तिरके लागलेत का, कडेवर बर (कापताना उरलेली धातूची खरखरीत धार) राहिली आहे का, माप घेताना अंगठ्याने जास्त दाबलंय का, हे फोटोतच कळतं. परवा एकाने पाठवलेल्या फोटोत वाचन बरोबर होतं आणि माप चूक होतं, कारण जॉब न पुसताच जबडा लावला होता. मी त्याला अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप पाठवला : “मामा, आधी फडक्याने पुसा, मग बघा किती येतंय.” दहा मिनिटांत दुसरा फोटो आला. माझ्या मते त्या दिवशीचं शिक्षण तेवढं एकच झालं, पण ते त्याच्या हातात गेलं.

दुसरी अडचण बायकांची आहे आणि ती मला माझ्या बायकोमुळे कळली. ती खासबागेत शिवणाचा क्लास घेते. तिच्याकडे वडगाव-खासबागेतल्या, घरचं यंत्रमागाचं काम कमी झालेल्या बायका येतात. त्यांच्यासाठी एक ऑनलाइन कोर्स आला. प्रत्येक वेळी आत जायला ओटीपी लागायचा. मोबाइल घरात एकच, आणि तो नवऱ्याबरोबर दुसऱ्या पाळीला गेलेला. ओटीपी कारखान्याच्या गेटवरच्या कपाटात पोचायचा आणि बाई घरी कोऱ्या पडद्यासमोर, तोही शेजारणीचा. तीन आठवड्यांत निम्म्या बायका गळाल्या. कागदावर त्यांच्या नावापुढे ‘अनियमित’ लागलं. हा शेरा त्या बायकांना लागू होत नाही. मोबाइल घरात कधी असतो हे आधी विचारलं असतं तर कळलं असतं : रात्री अकरानंतर, आणि सकाळी डबा भरायच्या आधी अर्धा तास. त्या वेळेत चालेल असा धडा करा. एकदाच उतरवून घेता येईल, नंतर नेटशिवाय बघता येईल, असा करा. जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात दिवसदिवस वीज नसते, तिथेही तोच उपयोगी पडेल.

बायकोने स्वतःची एक पद्धत काढली. ब्लाऊज शिवून झाला की ती उलटा करून फोटो मागवते. सुलट बाजूने बाही कशीही चांगली दिसते. उलट्या बाजूला मुंढ्याच्या गोलात चुणी कुठे पडली, शिलाई कुठे ओढली, शिवणीला कापड किती सोडलं, सगळं दिसतं. “अक्का, मागच्या बाजूला पाव इंच सोडा,” असं ती बोलून पाठवते. त्या बायका एकमेकींचे फोटो बघून एकमेकींना सांगायला लागल्या. एकीने तर स्वतःच्या मशीनचा ताण कसा बसवला ते दाखवणारा दोन मिनिटांचा व्हिडिओ केला. मागे कुकरची शिट्टी ऐकू येते. बाकीच्यांनी तो पुन्हा पुन्हा बघितला, कोर्सातला कुठलाच तेवढा बघितला नाही.

लोकांना कोर्सात गुंतवून ठेवण्यासाठी तुम्ही तारे, पदकं, टाळ्या वाजवणारं कार्टून घालता. तुमचा हेतू चांगला आहे हे मी जाणतो. पण बेचाळीस वर्षांच्या माणसाच्या मोबाइलमधून “शाब्बास!” असं किंचाळणारं पात्र बाहेर आलं आणि त्याचा आठवीतला मुलगा हसला, तेव्हा त्या माणसाने कोर्स बंद केला तो केलाच. प्रौढ माणसाला लहान झाल्यासारखं वाटलं की तो भांडत नाही, गुपचूप निघून जातो. त्याला धरून ठेवायचं तर उद्या सकाळी सातच्या पाळीत उपयोगी पडेल असं काहीतरी आज रात्री द्या. त्याच्या रिजेक्शनमध्ये एक जॉब कमी झाला की तो परत येतो.

त्याच्या अनुभवाचा मानही ठेवा. पूर्वशिक्षणाला, म्हणजे कामातून आधीच शिकलेल्याला, मान्यता देण्याची व्यवस्था सरकारी योजनांत २०१५ पासून आहे. तरीही चौदा वर्षांच्या कारागिराला पहिला धडा हातोडीच्या प्रकारांचा बसतो आणि तो पुढे ढकलताही येत नाही. त्याला एक काम द्या, करून दाखवलं तर पुढे जाऊ द्या. मात्र अनुभवाबद्दल भाबडेपणा मलाही नाही. जुन्या हातांत जुन्या खोडीही मुरलेल्या असतात. हातमोजे घालून लेथ चालवणं, कीस बोटाने ओढणं, जॉब धरणाऱ्या चकची चावी चकमध्येच विसरणं. हे नवशिक्याला शिकवणं सोपं, जुन्याकडून सोडवणं फार कठीण. ‘सुरक्षा’ या नावाचा व्हिडिओ त्याला आधीच पाठ असतो. पण त्याच्याच हाताचा व्हिडिओ त्याला दाखवला, की बघ मामा, मशीन थांबायच्या आधी तुझा हात कुठे गेला, की तो गप्प होतो. मी हे चौघांबरोबर, जवळ उभं राहून स्वतः चित्रण करून केलंय. चौघांनीही मोजे काढले.

आणखी एक साधी गोष्ट. धडा संपल्यावर तो पुन्हा बघायला सांगू नका, न बघता सांगायला लावा. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर प्रयोग करून बघितलं. उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतर पुढे होते. आठवडाभराने मात्र, ज्यांनी पुन्हा वाचण्याऐवजी आठवून लिहिलं होतं त्यांना ५६ टक्के आठवत होतं आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. आमच्याकडे याला प्रयोगशाळा लागत नाही. दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसल्या बसल्या एकाने मला आवाजी निरोप पाठवायचा : काल टूल ऑफसेट (टूलचं टोक नेमकं कुठे आहे ते मशीनला सांगणारं माप) कसा घेतला ते सांग. लिहायला ज्यांचा हात चालत नाही ते बोलायला लागले की ऐकत राहावं. ज्याला मी तीन महिने कच्चा समजत होतो त्याने बोलून सांगितलं तेव्हा कळलं की त्याला सगळं येतं, फक्त टाइप करता येत नाही.

मुदतींबद्दल थोडक्यात. जुलैत आमच्याकडे रोप लावण असते आणि पावसाळा सरला की भाताची सुगी. कारखान्यात काम करणारा माणूसही त्या दिवसांत गावी शेतात असतो. त्या आठवड्यांत मुदत संपवू नका. राहिलेला धडा बंद करण्याऐवजी उघडा ठेवा.

आता पैशांचं. फोटो आले, आवाजी निरोप आले, तर ते बघायचे कुणी? इथेच सगळं अडतं. ऑनलाइन शिक्षण स्वस्त पडतं असं मानलं जातं, कारण एकदा व्हिडिओ केला की लाख माणसांना पाठवता येतो आणि निदेशकाचा पगार वाचतो. मी माझा वेळ मोजून बघितला. वीस जणांची बॅच असेल तर रोज साधारण पाऊण ते एक तास लागतो : फोटो बघणं, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचं बोलून पाठवणं, एखाद्याला फोन. हा तास आज कुणाच्याच हिशेबात नाही. मी तो जेवणानंतर, घरच्यांचा वेळ मोडून देतो. माझ्यासारखे आणखीही देत असतील. तो तास कोर्साच्या अंदाजपत्रकात लिहा, वीस माणसांमागे एक निदेशक असा हिशेब धरा, आणि स्टुडिओचे वाचलेले पैसे तिथे घाला. उद्यमबागेतच निवृत्त फोरमन, टूलरूममध्ये आयुष्य घातलेली माणसं घरी बसून आहेत. त्यांना मोबाइलवर फोटो बघून चूक सांगायला आवडेल. त्यांना मानधन द्या, फुकट राबवू नका.

आणि कोर्स चित्रित करायच्या आधी त्याचा कच्चा मसुदा एका ऑपरेटरला दाखवा. अधिकाऱ्यांच्या बैठकीत मोठ्या पडद्यावर नको. पाळी सुटल्यावर, बसमध्ये, त्याच्याच तडा गेलेल्या मोबाइलवर दाखवा आणि त्याच्या शेजारी बसून बघा तो कुठे थांबतो. आमची बॅच सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी सहाला भरते. टिंब विसरलेला तो ऑपरेटर आता नव्या पोरांचे प्रोग्राम तपासतो. लाल पेन घेऊन बसतो आणि आधी फक्त टिंबं मोजतो. तुमचा मसुदा घेऊन आलात तर पहिला त्याच्याच हातात देऊ.

कळावे,
आपला,
संध्याकाळच्या बॅचचा एक निदेशक
उद्यमबाग, बेळगाव